रंगाखालचा धातू : इंजिन कव्हरच्या रंगकामाची प्रस्तावना

मोटरसायकलच्या इंजिनचं कव्हर वेगळ्या रंगात करून घ्यायचं ठरवलेला माणूस रंगाच्या दुकानात गेला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हीटप्रूफ आहे ना?’ दुकानदारही फळीवरून 600 अंशांचा आकडा छापलेला स्प्रेचा डबा काढून देतो आणि दोघांचंही समाधान होतं. कव्हर काळं होतं, झकास दिसतं. मग पहिल्या पावसाळ्याच्या आसपास गिअरच्या दांड्याजवळ रंगाचे पापुद्रे सुटू लागतात, कार्बोरेटरखाली पेट्रोलचा ओघळ जिथून गेला तिथे रंग चिकट होऊन बोटाला लागतो आणि ‘इंजिन तापणारच, रंग राहणार कसा?’ असा निकाल देऊन प्रकरण मिटतं. या पुस्तिकेचं सगळं म्हणणं या निकालाविरुद्ध आहे. कव्हरवरचा रंग उष्णतेने जात नाही. धातूवर त्याची पकडच बसलेली नसते म्हणून जातो, आणि उरलासुरला पेट्रोल, तेल, रॉकेल नि बुटांमुळे जातो. तेव्हा विकत घेताना विचारायचा प्रश्न उष्णतेचा नाहीच. तो प्रश्न चुकला की पुढची खरेदी, तयारी, मेहनत सगळंच चुकीच्या वाटेने जातं.

आधी उष्णतेचं बघू. क्लच कव्हर किंवा मॅग्नेट कव्हर हे इंजिनचं तोंड नव्हे, कूस आहे. जाळ होतो तो वर, सिलिंडर हेडमध्ये. तिथून निघणारा सायलेन्सरचा पाइप हेडजवळ 300 अंशांच्या पुढे सहज जातो. कव्हरच्या आत मात्र फिरतं तेल असतं, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनात भर ट्रॅफिकमध्येही ते साधारण 90 ते 120 अंशांच्या दरम्यान राहतं. कव्हरची बाहेरची बाजू त्याहून थोडी थंडच. थर्मामीटर नसला तरी याचा पुरावा कव्हरमध्येच बसवलेला असतो. किकचा दांडा जिथून बाहेर येतो तिथलं ऑइल सील बहुधा नायट्राइल रबराचं असतं, आणि हे रबर 100-120 अंशांच्या वर फार काळ तग धरत नाही, कडक होऊन चिरतं. तेच सील त्याच कव्हरमध्ये वर्षानुवर्षं तेल अडवून धरतं. कव्हर खरोखर रंग जाळण्याइतकं तापत असतं, तर रंगाआधी सील गेलं असतं आणि गाडीखाली तेलाचं थारोळं साचलं असतं.

आता 600 अंशांच्या त्या डब्याकडे वळू, कारण फसगत तिथेच आहे. सायलेन्सरसाठी बनवलेला रंग बहुधा सिलिकोन रेझिनचा असतो. तो हवेत वाळल्यासारखा दिसतो, पण खऱ्या अर्थाने पक्का होतो तो भट्टीच्या तापमानाला. अशा रंगांच्या डब्यांवर टप्प्याटप्प्याने 200 अंशांच्या पुढे नेण्याची कृती छापलेली असते. सायलेन्सरवर लावला तर गाडी चालवता चालवता हे काम आपोआप होतं. इंजिनच्या कव्हरवर लावला तर होतच नाही, कारण कव्हर त्या तापमानाला कधी पोचत नाही. म्हणजे उष्णतेच्या भीतीने निवडलेला रंग उष्णता कमी पडल्यामुळे कच्चा राहतो आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसला जातो. इंजिनसाठी म्हणून मिळणाऱ्या एनॅमलची गोष्ट वेगळी आहे. ते 100 अंशांच्या आत, थोड्या वेळात पक्कं होतं आणि त्याची सहनशक्ती कव्हरच्या गरजेहून कितीतरी जास्त असते. दोन्ही डबे दुकानात शेजारी शेजारी असतात, आणि ज्याच्यावर मोठा आकडा तोच हातात येतो.

उष्णता बाजूला ठेवली की खरे शत्रू दिसायला लागतात. आपल्याकडे सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीचं इंजिन पुष्कळ ठिकाणी रॉकेल किंवा डिझेलचा ब्रश मारून धुतात, मग वरून पाण्याचा फवारा. ओव्हरफ्लो झालेल्या कार्बोरेटरचं पेट्रोल कव्हरवर ठिबकतं, आणि हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल कमकुवत रंगांना आणखी मऊ करतं. मागचा डिस्क ब्रेक असेल तर त्याचं मास्टर सिलिंडर उजव्या पायापाशी, क्लच कव्हरच्या जवळपास असतं, आणि त्यातल्या ब्रेक ऑइलचा एक थेंबही पुष्कळशा रंगांना फोड आणतो. डाव्या बाजूला चेनचं ग्रीस आणि त्यात मिसळलेली रस्त्याची माती. वर गिअर टाकणाऱ्या बुटाचं दिवसातून शेकडो वेळा होणारं घासणं. या यादीत एकाही ठिकाणी 600 अंश नाहीत. गॅरेजात अजूनही ‘ड्युको’ म्हणून ओळखला जाणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग इथे हरतो तो याच कारणाने : तो थिनरमध्ये विरघळवून लावला जातो आणि वाळल्यावरही थिनर लागला की पुन्हा विरघळतो. हार्डनर घालून लावायचा पीयू रंग, म्हणजे दोन भागांचं पॉलियुरेथेन, वाळत नाही तर जमतो. त्याचे रेणू एकमेकांना बांधले जातात आणि मग पेट्रोल त्यांना सोडवू शकत नाही. साधारण 120 अंशांपर्यंत तो टिकतो, म्हणजे कव्हरला पुरतो. उष्णतेच्या स्पर्धेत सायलेन्सरच्या रंगापुढे तो अगदीच सामान्य, तरी इथलं काम त्याचंच. मात्र त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे काहीच कामाचा नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल, तर हा रंग घरी मारू नये, सज्जता असलेल्या पेंटरकडून मारून घ्यावा, असं या पुस्तिकेचं स्पष्ट मत आहे.

चांगला रंग आणला म्हणजे झालं, असंही नाही. या विषयाचा गाभा रंगाखाली आहे. कव्हर म्हणजे दाबाने साच्यात ओतलेलं ॲल्युमिनियम, त्यात साधारण दहाबारा टक्के सिलिकॉन आणि थोडं तांबं. ॲल्युमिनियमला हवा लागली की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडची अतिपातळ त्वचा येते. ती धातूचं रक्षण करते, पण रंगाला तिच्यावर धरायला जागा सापडत नाही. लोखंडावर चालणारा साधा रेड ऑक्साइड प्राइमर इथे नखाने निघतो तो म्हणून. त्यातून ओतीव धातू सच्छिद्र. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या कव्हरच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. वरून थिनरने पुसून लखलखीत केलेलं कव्हर भट्टीत किंवा कडक उन्हात तापवलं, की अर्ध्या तासात त्यावर घामासारखे बारीक तेलकट ठिपके उमटतात. ते पुसायचे, पुन्हा तापवायचं, पुन्हा पुसायचं, ठिपके यायचे थांबेपर्यंत. ओल धरलेल्या भिंतीला डिस्टेंपर मारल्यावर जे होतं, तेच ही पायरी गाळलेल्या कव्हरचं होतं, आणि दोष मात्र डिस्टेंपरला दिला जातो.

स्वच्छता झाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पाण्याला कळतं. कव्हर तिरपं धरून त्यावर स्वच्छ पाणी सोडायचं. पाणी सलग पडद्यासारखं पसरून राहिलं तर धातू स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन ते एखाद्या जागेवरून मागे सरलं, तर तिथे तेल किंवा सिलिकोनचं पॉलिश अजून आहे, आणि रंग नेमका तिथूनच सुटणार. ही चाचणी फुकट आहे, मिनिटभराची आहे, आणि कोणत्याही महाग डब्यापेक्षा जास्त पैसे वाचवते. पाणी पसरलं की कव्हर पूर्ण वाळवायचं, 180 ते 320 नंबरच्या पेपरने खरखरीत करायचं, आणि त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच, ॲल्युमिनियमसाठीचा प्राइमर मारायचा. तो एकतर आम्लयुक्त ‘एच’ (etch) प्राइमर असेल किंवा दोन भागांचा इपॉक्सी. एचवर इपॉक्सी मारून दुप्पट मजबुती येत नाही. खालचं आम्ल वरच्या इपॉक्सीच्या जमण्यात बिघाड करतं. जुना रंग काढायला कव्हर कॉस्टिक सोड्यात बुडवण्याची युक्तीही अधूनमधून कोणीतरी सुचवतं. कॉस्टिक रंग काढतं आणि मग थांबत नाही, ॲल्युमिनियमच खायला लागतं, त्यातून हायड्रोजन निघतो, आणि शेवटी हातात येतं ते काळसर बुरा चढलेलं, पॅकिंगची सपाट कड गमावलेलं कव्हर.

हे सगळं आजचं शहाणपण नाही, हे सांगायला एक इंग्लिश गाडी पुरेशी आहे. स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंट कारखान्याने 1948 साली ‘ब्लॅक शॅडो’ काढली. चकाकतं ॲल्युमिनियम हीच भारी इंजिनाची ओळख मानली जात होती, त्या काळात तिचं सबंध इंजिन, कव्हरांसह, काळंभोर होतं. पुढे काळ्या इंजिनांची जी फॅशन आली तिच्या आद्य पूर्वजांत ही गाडी मोजावी लागेल. तिच्या काळ्या रंगाबद्दल, तो उष्णता कशी बाहेर टाकतो याबद्दल, चाहत्यांत पुष्कळ बोललं जातं. त्या काळ्याच्या खाली काय होतं, याबद्दल फारच कमी. खाली ‘पायलुमिन’ नावाची क्रोमेट प्रक्रिया होती. ॲल्युमिनियमची मूळ त्वचा बदलून तिच्या जागी रंगाला धरून ठेवणारा आणि गंज रोखणारा थर तयार करणं हे तिचं काम, आणि त्यावर भट्टीत भाजलेलं एनॅमल. म्हणजे ज्या गाडीने काळ्या इंजिनाला प्रतिष्ठा दिली, तिच्या कारखान्यानेही आधी धातूची तयारी केली आणि मग रंगाचा डबा उघडला. क्रोमेटचे जुने प्रकार कॅन्सरला कारण ठरतात म्हणून ती वाट आता घरगुती कामाला बंद आहे, आणि ते बरंच आहे. पण त्यातलं तत्त्व जुनं झालेलं नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो : एवढा खटाटोप कशाला, सरळ पावडर कोटिंग करून घ्यावं. पावडर कोटिंग कणखर असतं यात वाद नाही. 180 ते 200 अंशांना भाजलेला तो थर पेट्रोल आणि बूट दोन्हींना पुरून उरतो. पण तो कशावर बसतो, हा प्रश्न तिथेही सुटत नाही, उलट नजरेआड होतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात किंवा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंग करणारे जे छोटे कारखाने आहेत, त्यांचं रोजचं काम लोखंडाचं : कपाटं, ग्रिल, रॅक. त्यांची ‘सेव्हन टँक’ पद्धत लोखंडासाठी बेतलेली आहे. तेल काढणं, आम्लाने गंज काढणं, फॉस्फेट चढवणं, मधे मधे पाण्याच्या टाक्या. त्या गंज काढण्याच्या टाकीत ॲल्युमिनियमचं कव्हर गेलं तर आम्ल त्याला खातं, आणि लोखंडावर बसणारं फॉस्फेट ॲल्युमिनियमवर तसं बसत नाही. त्यात ओतीव धातूची छिद्रं भट्टीत तापली की आत अडकलेली हवा आणि तेल नेमकं पावडर वितळत असताना बाहेर येऊ बघतं, आणि गुळगुळीत थरावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं उमटतात. उपाय आहेत. पावडर मारण्याआधी कव्हर नुसतंच एकदा भाजून घ्यावं, टाक्या टाळून सँडब्लास्टिंग करून घ्यावं, आणि ऑइल सील, बेअरिंग, तेलाची पातळी दाखवणारी काच आधी काढून ठेवावी, नाहीतर तीही भाजून निघतात. पण हे सगळं कारखानदाराला गिऱ्हाइकाने सांगावं लागतं, आणि सांगण्यासाठी गिऱ्हाइकाला कळावं लागतं. ॲनोडायझिंगचं नावही या ओघात घेतलं जातं. एवढ्या सिलिकॉनच्या ओतीव कव्हरावर ते डागाळलेलं आणि राखाडी येतं, म्हणून इथे त्याचा विचार केलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर, आणि तो अनुभवी मिस्त्रींकडूनच येतो : इंजिनवर रंगाचा थर म्हणजे गोधडी, त्याने इंजिन जास्त तापेल. यावर भावनेपेक्षा हिशोब बरा. रंगाचा 75 मायक्रॉनचा थर घेतला आणि गाडी चालत असताना कव्हरमधून जी उष्णता बाहेर पडते ती धरली, तर थराच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत फरक पडतो एक-दोन अंशांचा. एवढा फरक सिग्नलवरच्या एका थांब्यात येतो नि जातो. उलट उष्णता किरणांनी बाहेर टाकण्याच्या बाबतीत पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम अगदीच कंजूष. 100 अंशांवरचं चकचकीत कव्हर, तेवढ्याच तापमानाचं रंगवलेलं कव्हर जेवढी उष्णता किरणांनी टाकतं, तिच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास टाकतं. म्हणजे रंग या बाजूने फायद्याचा. पण यावरून ‘काळा रंग इंजिन थंड ठेवतो’ असा उलटा दावा करणाऱ्यांनीही जरा थांबावं. हाताच्या दोन पंजांएवढ्या कव्हरवर हा फायदा पंचवीसेक वॅटचा भरतो, आणि शहरात चार किलोवॅटचं काम करणारं इंजिन त्याच वेळी दुपटीहून जास्त उष्णता सायलेन्सरमधून आणि पंखांवरून फेकत असतं. शिवाय हा फायदा काळ्याचा नव्हे, रंगाचा आहे. या तापमानाच्या अदृश्य किरणांना पांढरं आणि काळं जवळपास सारखंच. फक्त ॲल्युमिनियमचा चुरा असलेला रुपेरी रंग थोडा मागे पडतो. काळं कव्हर उन्हात उभं राहिलं की हाताला जास्त चटका देतं, एवढाच रंगछटेचा खरा परिणाम. तेव्हा उष्णतेच्या नावाने रंगाला विरोध करता येत नाही आणि त्याच नावाने काळ्याची भलामणही करता येत नाही. आवडेल तो रंग निवडावा.

तिसरा आक्षेप जुन्या गाड्यांच्या प्रेमींचा. लोखंडी सिलिंडरच्या जुन्या बुलेटची कव्हरं कारखान्यातूनच पॉलिश होऊन येत. त्यांना काळं करणं म्हणजे त्या गाडीचा चेहराच पुसणं, असं ते म्हणतात. या भावनेचा मान ठेवूनही एक गोष्ट नोंदवायला हवी : दर दिवाळीला केलेलं बफिंग हे राखणं नसून झिजवणं आहे. बफिंगच्या चाकाने दर वेळी थोडा धातू जातो, कडा गोल होतात, ओतकामात उमटलेली अक्षरं बोथट होतात, आणि हे परत मिळत नाही. रंग मात्र काढता येतो, आणि खालचा धातू जसा होता तसा सापडतो, अर्थात तयारी हाताने, पेपरने केली असेल तर. सँडब्लास्टिंग केलेल्या पृष्ठभागावरून पुन्हा आरसा आणायचा, तर तेवढा धातू घालवावा लागतो. तेव्हा दुर्मीळ गाडीवर वाळू मारू नये, हा त्यांचा आग्रह पूर्ण मान्य. कोकणात किंवा गोव्यात गाडी वापरणाऱ्याला मात्र पॉलिशची हौस सांभाळताना आणखी एक त्रास आहे. चकाकी टिकावी म्हणून मारलेल्या पारदर्शक लॅकरखाली, एखाद्या ओरखड्यापासून सुरू होऊन, खारी दमट हवा धातूत शिरते आणि केसाएवढ्या पांढुरक्या, वळवळत गेलेल्या रेघा उमटतात. लॅकर वरून अखंड, खाली जाळं. ते पुसून जात नाही, सगळं उतरवावंच लागतं. तिथे नीट प्राइमर मारलेला अपारदर्शक रंग अधिक टिकतो, आणि तो रुपेरीही असू शकतो.

याशिवाय रंगाशी थेट संबंध नसलेला, पण रंगकामामुळेच उद्भवणारा एक धोका आहे, आणि पुस्तिकेचं एक सबंध प्रकरण त्याला दिलं आहे. कव्हर रंगवताना इंजिन बिघडू शकतं. पुष्कळ क्लच कव्हरांत तेलाचे मार्ग असतात. सँडब्लास्टिंगचे कण त्यात अडकून राहिले तर इंजिन चालू होताच ते तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोचतात. 6 मिलिमीटरचा बोल्ट जेमतेम 10 न्यूटन मीटरने आवळलेला असतो; पॅकिंग बसतं त्या कडेवर आणि बोल्टच्या डोक्याखाली रंग गेला, तर तापण्या-निवण्यात तो थर दबतो, आवळणी सैल पडते आणि तेल पाझरू लागतं. बोल्टच्या लांब्याही वेगवेगळ्या. जुने मिस्त्री पुठ्ठ्यावर कव्हरची बाह्यरेषा काढून, प्रत्येक बोल्ट काढला की त्याच्याच जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की ओतीव केसिंगला तडा जाऊ शकतो, हे त्यांनी कुठेतरी पाहिलेलं असतं. आणि इंजिन नंबर कव्हरवर नसून केसिंगवर ठोकलेला असला, तरी कव्हर काढलं आहेच तर केसिंगही मारून घेऊ, या उत्साहात तो घासला किंवा रंगाखाली बुजवला जाऊ नये. पुढे गाडी विकताना किंवा पासिंगला नेताना त्याचं उत्तर देणं फार कठीण जातं.

नवं कव्हरच का घेऊ नये, असंही विचारलं जाईल. चालू मॉडेलचं असेल आणि कंपनीचं मिळत असेल तर जरूर घ्यावं; बंद पडलेल्या गाड्यांना ही सोय नाही, आणि बाजारातल्या नकली ओतकामाची कड सपाट निघेलच असं नाही.

एक प्रकार मात्र या पुस्तिकेने जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे. काही महागड्या आणि शर्यतीच्या गाड्यांची कव्हरं ॲल्युमिनियमची नसून मॅग्नेशियमची असतात. वजनाला बरीच हलकी, पण त्यांचा घासलेला चुरा पेट घेतो आणि त्यावर पाणी ओतलं तर आग भडकते. आम्लयुक्त प्राइमरही त्यांना चालत नाही. ओळख पटवायला कव्हरच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, चिमूटभर रंग खरवडून उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. ॲल्युमिनियमवर तो नुसता पडून राहतो, मॅग्नेशियमवर बुडबुडे येतात. बुडबुडे आले तर ती जागा लगेच पाण्याने धुऊन पुसावी आणि पेपर खाली ठेवावा. त्या कव्हरसाठी मॅग्नेशियमचं काम करणारा माणूस शोधावा लागेल, पुढच्या प्रकरणांतली कृती त्याला लागू नाही.